घाटापलीकडे गेलेला भाऊ

कोक-बुलाक,
एप्रिल १९९६

प्रिय चोल्पोन,

हे पत्र आमच्या शाळेतली ल्युदमिला पावलोव्ना स्वतः तुझ्या हातात देईल. पोस्टात टाकलं नाही. आपल्या पोस्टातून जाणाऱ्या पाकिटांना हल्ली दोनदा डिंक लावलेला असतो, हे तुझ्याही लक्षात आलं असेल. दार लावून वाच, आणि मधेच रागावून फाडू नकोस. नऊ मेच्या, विजयदिनाच्या सुट्टीला घरी येते असं तू कळवलं आहेस. त्याबद्दल लिहायचंच आहे, पण ते असं एकदम लिहिता येत नाही. आधी बाकीचं तुला कळायला हवं, नाहीतर तू माझं ऐकणार नाहीस.

घरी सगळे धडधाकट आहोत. मेंढ्या व्यायल्या, कोकरं यंदा अंगानं बरी आहेत. जर्दाळू फुलला आणि त्याच आठवड्यात पुन्हा बर्फ पडलं, त्यामुळे फळ धरेल असं वाटत नाही. शाळेत इतिहासाबरोबर आता भूगोलही माझ्याच गळ्यात आला आहे, कारण रशियन शिक्षक एकामागून एक निघून चालले आहेत. चौकातला लेनिन काढलेला तू बघितलास. चौथरा अजून मोकळाच आहे. त्यावर तोरूबाय वीराचा घोड्यावर बसलेला पुतळा यायचा आहे. तोवर तिथे राष्ट्राध्यक्षांची मोठी तसबीर उभी केली आहे, आणि ती भिजू नये म्हणून वरून प्लास्टिक बांधलं आहे. वारा सुटला की ते प्लास्टिक फडफडतं आणि बाजारातल्या बायका बोलता बोलता एकदम गप्प होतात. कशाला गप्प होता, असं एकदा मी विचारलं. सुकं दही विकणारी म्हातारी म्हणाली, "काय माहीत बाई. कोणी मागे येऊन उभं राहिल्यासारखं वाटतं."

मार्चच्या शेवटी मतदान झालं. राष्ट्राध्यक्षांना आणखी दहा वर्षं द्यायची की नाही, एवढाच प्रश्न होता. मतदान आपल्या शाळेतच होतं आणि टेबलाशी मीच होते. नेहमीप्रमाणे घराघरातून एकेक कर्ता माणूस सगळ्यांचे पासपोर्ट घेऊन आला. दुकानदार इस्माइलनं तर त्याच्या वारलेल्या आजीचाही आणला. मी म्हटलं, "इस्माइल, अरे आजी जाऊन किती दिवस झाले!" तर म्हणतो, "असू द्या हो मास्तरीणबाई, तिलाही राष्ट्राध्यक्ष आवडायचे." सगळे हसले. मीही हसले. मग मागे खुर्चीवर बसलेला, आम्हाला कोणालाच ओळखीचा नसलेला एक माणूस म्हणाला, "द्या की आजीला चिठ्ठी," आणि तो हसत नव्हता. मी चिठ्ठी दिली.

त्याआधी, नौरूजच्या सणाला, तुझ्या आजोबांना तू टीव्हीवर बघितलंस. नंतरचं तुझं पत्र मी जपून ठेवलेलं नाही, पण त्यातलं एक वाक्य पाठ झालं आहे. "आजोबांनी आपले सात बाप विकले." तुझ्या वसतिगृहातल्या मुली हसल्या, कोणीतरी तुला राष्ट्राध्यक्षांची पुतणी म्हणून मुजरा केला, हे सगळं वाचलं. आजोबांनी विचारलं, "पोर काय लिहिते?" मी म्हटलं, "कोकरांची चौकशी केली आहे." त्यांनी चहाची वाटी खाली ठेवली आणि म्हणाले, "म्हणजे फारच रागावली आहे."

आता गेल्या उन्हाळ्यातली एक गोष्ट आठव. कुरणावर घोड्यांची शर्यत होती. तालुक्याचा कारभार बघणाऱ्या हाकीमसाहेबांचा मुलगा मेदेर गाडी घेऊन तुझ्या मागेमागे फिरत होता आणि तू घोडीच्या आंबवलेल्या दुधाचं वाटीभर कुमीस त्याच्या काचेवर ओतलंस. सगळे खो खो हसले, तू राजधानीला गेलीस आणि विसरलीस. तो विसरला नाही. ऑक्टोबरात त्याची आई आपल्याकडे आली, रुमालात बांधलेली मागणीची कानातली घेऊन. मी चहा केला, बोरसोक तळले, आणि कानातल्यांकडे बघितलंच नाही. मग तिनंच रुमाल सोडला. मी म्हटलं, "वहिनी, मुलगी शिकते आहे अजून." ती म्हणाली, "शिकू दे की. दवाखानाही आमचाच आहे, डॉक्टरीणही आमचीच होईल." मी रुमाल पुन्हा बांधून तिच्यापुढे सरकवला. तिला राग आला नाही, उलट माझ्या हातावर हात ठेवून ती जवळजवळ मायेनं म्हणाली, "मी विचारायला आले, ही माझी रीत झाली. माझा मुलगा विचारत बसणार नाही."

हे तुला तेव्हा कळवलं नाही. काय कळवणार होते? आपल्याकडे मुलगी उचलून नेतात हे तुला मी सांगायला नको. तुझ्या वर्गातल्या नाझिकला बसथांब्यावरून उचललं तेव्हा तू इथेच होतीस. गाडीत कोंबायचं, घरी न्यायचं, लग्नाचा पांढरा रुमाल डोक्यावर टाकायचा, आणि मुलगी बाहेर निघाली की घरातली सगळ्यात म्हातारी बाई उंबऱ्यावर आडवी पडते. तिला ओलांडून जाणारीचं कधी भलं होत नाही, असं लहानपणापासून कानांवर पडलेलं असतं. नाझिक उंबऱ्यापर्यंत गेली होती आणि तिथूनच मागे फिरली. पूर्वी निदान तक्रार करायला दार होतं. हाकिमाला तालुक्याची पंचायत जाब विचारायची, न्यायाधीश दुसरीकडचा असायचा. नव्या राज्यघटनेपासून हाकीम वरून नेमतात, न्यायाधीश वरून नेमतात, आणि पंचायतीच्या खोलीत आता पासपोर्टचं ऑफिस आहे. त्यात आपला हाकीम राष्ट्राध्यक्षांचा सख्खा भाऊ. मेदेरनं तुला नेलं असतं तर पोलीसप्रमुख पहिल्या पंगतीला बसला असता. म्हणून डिसेंबरात मी तुला लिहिलं होतं की रस्ते बंद आहेत, येऊ नकोस. रस्ते उघडे होते.

जानेवारीत राजधानीहून एक प्राध्यापक आले, नव्या पाठ्यपुस्तकाच्या मंडळावरचे. माणूस वाईट नव्हता. बूट गळके होते, खोकत होते, मी त्यांना मेंढीच्या चरबीतला काढा दिला. त्यांचं काम असं होतं की तोरूबाय वीर हा राष्ट्राध्यक्षांचा पूर्वज आहे, हे नौरूजला चौकात कोणीतरी म्हणून दाखवायचं. तोरूबायचा वंश सांगावा तो तुझ्या आजोबांनीच, कारण तो आपलाच नववा बाप आणि या खोऱ्यात ती गाथा त्यांच्याशिवाय कोणाला पूर्ण येत नाही. प्राध्यापक म्हणाले, "बाबा, फार काही करायचं नाही. तोरूबायच्या थोरल्या मुलाकडून एक फांदी काढा, तिकडे त्यांना बसवा. नऊ पिढ्यांपूर्वीचं कोण तपासतंय?" मी दाराशी उभी होते. मला वाटलं आता आजोबा त्यांना बुटांसकट बाहेर काढणार. ज्या माणसानं नव्या लग्नाच्या जोडीचे सात-सात पिढ्यांचे बाप दोन्हीकडून मोजल्याशिवाय कधी हो म्हटलं नाही, सातात एक जरी सारखा निघाला तरी मांडलेली पंगत उठवली, त्या माणसाला हे सांगत होते.

आजोबांनी दाढीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "थोरला मुलगा निपुत्रिक गेला. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. लोक तुमच्या राष्ट्राध्यक्षांना हसतील." प्राध्यापकांचा चेहरा पडला. "मग?" आजोबा म्हणाले, "मग जवळून जोडू. माझ्या आजोबांना एक धाकटा भाऊ होता. दुष्काळाच्या वर्षी एक घोडी घेऊन घाटापलीकडे गेला, परत आला नाही. त्याचं पुढे काय झालं कोणालाच माहीत नाही. तुमचा माणूस त्याचा पणतू." प्राध्यापक उठून उभेच राहिले. नवव्या पिढीतलं नातं मागायला आले होते आणि पाचव्या पिढीतलं मिळत होतं. त्यांनी आजोबांचे दोन्ही हात डोळ्यांना लावले. मी मात्र आत जाऊन रडले. तू जे पत्रात लिहिलंस तेच मी त्या दिवशी मनात म्हटलं होतं, आणि दोन महिने त्यांच्याशी मोजकंच बोलले. सासऱ्यांचं नाव घ्यायचं नाही, समोर आवाज चढवायचा नाही, अशा घरात रागवायचं तरी कसं? मी त्यांच्या खारट चहात मीठ कमी घालत होते. त्यांनी एकदाही मागितलं नाही.

नौरूजच्या दिवशीचं तू बघितलंस, पण टीव्हीवर स्टेज दिसलं, समोरच्या खुर्च्या दिसल्या नाहीत. आजोबांनी तोरूबायपासून एकेक नाव घेत खाली यायला सुरुवात केली. आवाज नेहमीसारखा होता, कुठे अडखळले नाहीत. घाटापलीकडे गेलेल्या भावाचं नाव आलं, त्याचा मुलगा आला, नातू आला, आणि मग ज्या नावाची सगळे वाट बघत होते ते आलं. सगळा चौक उठला. बँड वाजला. हाकीमसाहेब डोळे पुसत होते. फक्त त्यांची बायको बसून होती. तिची बोटं मांडीवर चालली होती. ती बाप मोजत होती, सगळी बाईमाणसं मोजतात तशी. मग तिनं बोटं मिटली आणि मान वळवून मला शोधलं. गर्दी मोडताना माझ्या शेजारून जाताना एवढंच म्हणाली, "म्हातारा हुशार आहे हो तुमचा."

तोवर माझ्या डोक्यात उजेड पडला नव्हता. आजोबा स्टेजवरून उतरले, अंगावर नवा मखमली झगा, गळ्यात पदक. माझ्या हाताचा आधार घेतला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "सुनबाई, आता पोर सुट्टीला येऊ शकते."

चोल्पोन, पाचव्या पिढीत, सातांच्या आत, एक बाप निघाला म्हणजे मेदेर तुझा भाऊ झाला. टीव्हीसमोर, बँड वाजवून, राष्ट्राध्यक्षांच्या मर्जीनं झाला. भावाच्या घरात बहिणीच्या डोक्यावर रुमाल टाकेल अशी म्हातारी या खोऱ्यात नव्हती, आणि जे कायद्याला थांबवता आलं नसतं ते त्या एका खोट्या भावानं थांबवलं. तुला लगेच कळवते म्हटलं तर आजोबा म्हणाले, "नको. ती हसेल, मैत्रिणीला सांगेल, मैत्रीण दुसरीला सांगेल. तिला रागावू दे. रागावलेली आहे तोवर सगळ्यांना खरं वाटेल." म्हणून मी तुझ्या त्या पत्राला नुसतं हवापाण्याचं उत्तर लिहिलं.

पुढचे काही आठवडे बरे गेले. खोऱ्यातला जो तो राष्ट्राध्यक्षांचा काका झाला. इस्माइलनं दुकानावर तशी पाटी लावली आणि गटार तुंबलं की आरोळी ठोकायचा, "पुतण्याला कळवा रे कोणीतरी!" पाटी दोन दिवसांत उतरली. उतरवायला आलेल्या पोरांनी त्याला बरोबर नेलं आणि तो परत आला तेव्हापासून गटारावर तो स्वतःच फळी टाकतो. आजोबा मखमली झगा घालून मेंढ्यांचं शेण काढायचे. मी म्हणाले, "अहो, खराब होईल." म्हणाले, "व्हायलाच घातलाय." पण एक गोष्ट मला लागून राहिली आहे. शेजारच्या बाळाचं नाव ठेवायचं होतं, त्याचे सात बाप म्हणून दाखवायला आजोबांना बोलावलं. सगळे बसले, नान मोडली, आणि आजोबा म्हणाले, "मला आठवत नाही." त्यांना आठवत होतं. घरी येताना वाटेत पुटपुटत होते, मी ऐकलं, सातही बरोबर होते. ज्या तोंडानं एक खोटा बाप म्हटला त्या तोंडानं लेकराला खरे कसे द्यायचे, असं त्यांना वाटत असावं. मी विचारलं नाही. नवं पाठ्यपुस्तक आलं आहे, त्यात तो घाटापलीकडे गेलेला भाऊ आहे, त्याचं चित्रसुद्धा आहे, घोडीसकट. मी तो धडा शिकवते. मुलं घोडीचं नाव विचारतात.

आणि मग गेल्या सोमवारी हुकूम निघाला. शिक्षकांच्या खोलीत पत्रक चिकटवलं होतं. राजधानीत एक नवं ज्येष्ठमंडळ नेमलं आहे, त्या मंडळानं ठरवलं आणि राष्ट्राध्यक्षांनी सही केली. राष्ट्राच्या ऐक्यासाठी वाडवडिलांच्या रूढी एकसारख्या करायच्या आहेत, आणि यापुढे लग्नाला चार पिढ्यांपर्यंतच मनाई. पाचवीपासून मोकळीक. मी ते तिथेच उभ्यानं पुन्हा पुन्हा वाचलं. तुझ्यासाठी काढला असेल का? मला नाही वाटत. सगळा देश राष्ट्राध्यक्षांचा नातेवाईक झाल्यावर त्यांच्या घरातल्या मुलांना कुठे मुलीच मिळेनात, एवढंच असेल. आपण त्यांच्या खिजगणतीतही नसू. हीच गोष्ट मला जास्त भिववते. डोंगर सरकावा तसं त्यांनी आपलं सात पिढ्यांचं कुंपण सरकवलं आणि खाली कोण आलं हे बघायचीही त्यांना गरज पडली नाही. आजोबा ऐकून उठले, टोपी घातली, म्हणाले, "चौकात जाऊन सांगतो मी खोटं बोललो म्हणून." मी पहिल्यांदाच त्यांच्या वाटेत उभी राहिले. राष्ट्राध्यक्षांच्या प्रतिष्ठेला धक्का लावणाऱ्याला तुरुंग आहे, तोही आता कायदाच आहे. पण मी त्यांना थांबवलं ते त्यासाठी नव्हे. मी म्हटलं, "जाऊन काय होणार? खोटं म्हणालात तर तो परका, आणि परक्याला मनाई नाही. खरं म्हणालात तर पाचवी पिढी, आणि आता तिलाही नाही." ते तसेच टोपी घालून भिंतीकडे तोंड करून बसले. संध्याकाळपर्यंत बसले होते.

काल मेदेरची आई पुन्हा आली. या वेळी कानातली आणली नव्हती. चहा घेतला, कोकरं बघितली, आणि जाताना सहज विचारल्यासारखं म्हणाली, "नऊ मेला येते आहे ना पोर? बसनं येते की रेल्वेनं?" म्हणून हे पत्र लिहिते आहे. येऊ नकोस. नऊ मेला नाही, उन्हाळ्यातही नाही. ल्युदमिला पावलोव्ना घर विकून कायमची रशियात, नोवोसिबिर्स्कला चालली आहे, तिच्याजवळ तुझंही तिकीट आहे. तिच्याबरोबर त्याच गाडीनं जा, मधे वसतिगृहात कोणाचा निरोप घेत बसू नकोस. तुझा जुना लाल सोव्हिएत पासपोर्ट अजून तिकडे चालतो. नवा घ्यायला ऑफिसात पाऊलही टाकू नकोस, तिथल्या यादीतून इथल्या ऑफिसात कळतं. तिथे राहणारी तुझी मावशी स्टेशनवर येईल. मला पत्र लिहू नकोस, मावशी लिहील, आणि त्यात तुझं नाव नसेल. आणखी एक, आणि हे नीट वाच. आई आजारी आहे अशी तार येईल. विश्वास ठेवू नकोस. मग आजोबा गेल्याची तार येईल, कदाचित ती खरीही असेल. तरी येऊ नकोस. आणि शेवटी माझी येईल. ती खरी असली तरीसुद्धा, माझ्या सोन्या, तू येऊ नकोस.

कुठेही असलीस तरी तुझीच,
आई